जुन्या पाच गिअरच्या रेसर सायकलची फिक्सी करायची आहे, फ्रीव्हील वेल्ड केलं तर चालेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: वडिलांची २७ इंची चाकांची, पुढे दोन आणि मागे पाच चकत्यांची लोखंडी रेसर सायकल घरात पडून आहे. तिची फिक्सी (पेडल आणि मागचं चाक कायम एकत्र फिरणारी सायकल) करून रोज नाशिकच्या गंगापूर रोडवरून सातपूरला जायचं आहे. कारागीर म्हणतो, फ्रीव्हील वेल्ड करून देतो, ब्रेक काढून टाकू, सायकल हलकी होईल.

फ्रीव्हील वेल्ड करू नका आणि ब्रेक काढू नका. बाकी सगळ्याला वाव आहे.

आधी वेल्डिंगचं. फ्रीव्हील, म्हणजे पेडल थांबवलं तरी चाक फिरू देणारा मागच्या चकत्यांचा गोळा, हबवर (चाकाच्या मधल्या भागावर) उजव्या आट्यांनी बसतं. माप १.३७ इंच, इंचाला २४ आटे. पुढे पेडल मारलं की ते आवळलं जातं, म्हणून वर्षानुवर्षं सुटत नाही. फिक्सीत तुम्ही वेग कमी करण्यासाठी पेडलवर उलटा जोर देता, तेव्हा तोच जोर ते आटे सोडवतो. वेल्डिंगने फ्रीव्हीलचा आतला आणि बाहेरचा भाग एक होतो, पण तो अख्खा गोळा हबवरून सुटायला मोकळाच राहतो. म्हणजे ब्रेक लावायच्या नेमक्या क्षणी पाय हवेत फिरतात आणि सायकल पुढे पळत राहते. शिवाय वेल्डिंगच्या उष्णतेने दातांचा कडकपणा जातो आणि चकती जराशी वाकडी झाली तरी चेन प्रत्येक फेऱ्यात एकदा ताणली जाते, एकदा ढिली पडते.

खऱ्या फिक्स्ड हबला एकाशेजारी एक अशा दोन पायऱ्या असतात. आतल्या मोठ्या पायरीवर उजव्या आट्यांनी चकती बसते. बाहेरच्या लहान पायरीवर, १.२९ इंच मापाच्या डाव्या आट्यांनी, लॉकरिंग बसते. उलट्या जोराने चकती सुटायला लागली तर ती लॉकरिंगला आपल्याच दिशेने ढकलते. लॉकरिंगचे आटे डावे असल्याने ती त्या दिशेला आवळली जाते. फिक्सीची सगळी सुरक्षितता या एका रिंगेवर उभी आहे. काही जण जुन्याच हबवर चकती चढवून बॉटम ब्रॅकेटची (पेडलचे दांडे जिथे फिरतात त्या बेअरिंगची) लॉकरिंग लावतात, कारण ती त्याच १.३७ च्या आट्यांवर बसते. पण तिचे आटेही उजवेच, त्यामुळे चकती सुटते त्याच दिशेला तीही सुटते. आटे चिकटवायचं रसायन लावलं तरी मी त्या चाकावर भरवसा ठेवणार नाही.

म्हणून जो काही खर्च करायचा तो मागच्या चाकावर करा. हँडलची टेप, रंगीत चेन, नवी सीट हे सगळं नंतर.

तुमच्या सायकलची एक गोष्ट फार सोयीची आहे. पाच गिअरच्या जुन्या रेसरमध्ये मागच्या ड्रॉपआउटमधलं (चाक बसतं त्या फ्रेमच्या खाचांमधलं) अंतर साधारण १२० मिमी असतं आणि ट्रॅक हब, म्हणजे वर सांगितलेला फिक्स्ड हबही, १२० मिमीचाच असतो. त्यामुळे फ्रेम ताणायची गरज बहुधा पडणार नाही. तरी व्हर्नियरने मोजाच, कारण सहा-सात गिअरच्या फ्रेममध्ये हे अंतर १२६ असतं. तेवढा फरक असेल तर फ्रेम दाबण्यापेक्षा अ‍ॅक्सलवर दोन्ही बाजूंना ३-३ मिमीचे स्पेसर घाला. सातपूर-अंबडच्या एमआयडीसीत लेथवाल्यांची कमतरता नाही, आतला-बाहेरचा व्यास आणि जाडी कागदावर लिहून द्या म्हणजे झालं.

ड्रॉपआउटची खाच कुठल्या दिशेला आहे तेही बघा. आडवी किंवा तिरपी असेल तर चाक मागे ओढून चेन ताणता येते. खाच उभी असेल तर तिथेच थांबा. चेन ताणणारा स्प्रिंगचा टेन्शनर फिक्सीत चालत नाही, कारण उलटा जोर चेनच्या खालच्या बाजूवर येतो आणि टेन्शनर उखडतो.

चाक बांधताना ३६ छिद्रांचा, दोन्ही बाजूंना आटे असलेला हब घ्या: एका बाजूला फिक्स्ड चकती, दुसऱ्या बाजूला साधं एकेरी फ्रीव्हील. चाक उलटं बसवलं की सायकल बदलते. अशा हबचे दोन्ही फ्लँज (स्पोक अडकतात त्या कडा) मध्यापासून सारख्या अंतरावर असतात, त्यामुळे दोन्हीकडे एकाच लांबीचे स्पोक लागतात आणि चाक गिअरच्या चाकापेक्षा मजबूत होतं. १४ नंबरचे, म्हणजे २ मिमी जाडीचे स्पोक, तीन क्रॉस (प्रत्येक स्पोक दुसऱ्या तीन स्पोकना ओलांडतो). पहिल्यांदा आउट काढून (चाक सरळ करून) झालं की शेजारचे दोन-दोन स्पोक मुठीत धरून जोरात दाबा, मग पुन्हा आउट काढा. हे न केल्यास पहिल्या आठवड्यात चाक हलतं आणि दोष कारागिरावर येतो.

रिम अ‍ॅल्युमिनियमचीच घ्या, ७००सी. क्रोमच्या लोखंडी रिमवर पावसात रबराची ब्रेकपट्टी जवळजवळ धरतच नाही, आणि नाशिकच्या जुलै-ऑगस्टमध्ये तुम्ही रोज जाणार आहात. २७ इंचीचा व्यास ६३० मिमी आणि ७००सीचा ६२२, म्हणजे ब्रेकपट्टी प्रत्येक बाजूला फक्त ४ मिमी खाली सरकवावी लागते. जुन्या कॅलिपरच्या (ब्रेकच्या चिमट्याच्या) खाचेत बहुधा तेवढी जागा असते, नसेल तर लांब हाताचे कॅलिपर बसवा. टायर ७००×२८ किंवा ३२ घ्या. २३ चे बारीक टायर आपल्या खड्ड्यांवर ट्यूब आणि रिम दोन्हीचा जीव घेतात. ३२ चा आणखी एक फायदा असा की सायकल फार खाली बसत नाही. फिक्सीत वळणावरही पेडल थांबत नाही, आणि सायकल खाली बसली की आतलं पेडल रस्त्याला टेकतं. १६५ मिमीचे क्रँक (पेडलचे दांडे) मिळाले तर त्याच कारणासाठी उत्तम.

(हे वाचणाऱ्या कुणाकडे रॉड ब्रेकची काळी घोडा सायकल असेल तर त्यांच्यासाठी: त्या २८ × १ १/२ च्या रिमच्या कडा गोलसर असतात, ब्रेकपट्ट्या आतून वर दाबल्या जातात. रॉड काढून त्याच रिमवर कॅलिपर लावला तर पट्टीला टेकायला सपाट जागाच मिळत नाही. तिथे रिम बदलावी लागते. रिमची छिद्रंही मोजा, मागे बहुधा ४० असतात आणि ३६ चा हब त्यात बसत नाही.)

आता गिअर. तुमच्या पुढच्या दोन चकत्यांपैकी आतली बहुधा ४२ दातांची असेल. तीच ठेवा आणि बाहेरची काढा. ट्रॅक हबची चेनलाइन (सायकलच्या मध्यरेषेपासून चेनपर्यंतचं अंतर) ४२ मिमी असते आणि जुन्या दुहेरी क्रँकची आतली चकती त्याच्या जवळपास येते. खात्री करायची तर पुढे सीट ट्यूबच्या कडेपासून दाताच्या मध्यापर्यंत मोजा. ट्यूब २८.६ मिमीची असेल तर हे अंतर २७.७ च्या आसपास हवं. मागे ड्रॉपआउटच्या आतल्या बाजूपासून चकतीच्या दातापर्यंत १८ मिमी. दोहोंत एक मिमीचा फरक चालतो. त्याहून जास्त असेल तर चेन आवाज करते आणि उतरूही शकते, फिक्सीत उतरलेली चेन मागचं चाक जागच्या जागी जाम करते. बाहेरची चकती काढल्यावर जुने बोल्ट लांब पडतात, एकेरी चकतीचे आखूड बोल्ट लागतील. दोन्ही चकत्या क्रँकवर ठोकून बसवलेल्या असतील, तर क्रँकच बदलावा लागेल.

मागे १७ दात घ्या. ४२/१७ वर एका फेऱ्यात सायकल साधारण सव्वापाच मीटर जाते. मिनिटाला ९० फेरे म्हणजे ताशी २८ किमीच्या वर, आणि गंगापूर रोडचा चढ बसूनही निघतो. १७ निवडण्याचं दुसरं कारण टायर. पाय अडवून चाक घसरवलं की टायर ठरावीक जागीच झिजतो. पुढचे दात भागिले मागचे दात हा अपूर्णांक लहानात लहान करा, खाली जो आकडा उरेल तेवढ्या जागा. ४२/१७ ला १७ जागा मिळतात. ४२/१८ म्हणजे ७/३, फक्त ३. ४२/१४ ला तर एकच, आणि तो टायर महिनाभरात एका ठिकाणी कापडापर्यंत जाईल.

चेनची रुंदी चकतीशी जुळवा. तुमच्या जुन्या चकत्या बारीक, ३/३२ च्या असणार. १/८ ची रुंद चेन त्यांच्यावर चालते, पण ३/३२ ची चेन १/८ च्या दातांवर बसत नाही.

बसवताना चकतीच्या आट्यांना ग्रीस लावा, चेनपान्याने पूर्ण ताकदीने आवळा, मग हुक पान्याने लॉकरिंग. छन्नी-हातोड्याने लॉकरिंग ठोकू नका, खाचा मोडल्या की ती पुन्हा नीट आवळता येत नाही. नंतर पुढचा ब्रेक वापरत, पायाने न अडवता एखादा चढ चढा. चढाच्या जोराने चकती आणखी थोडी बसते आणि लॉकरिंग ढिली पडते, ती परत आवळा. वीस-पंचवीस किलोमीटरनंतर पुन्हा एकदा तपासा.

चेन वर-खाली साधारण १० मिमी हलली पाहिजे. क्रँक फिरवत सगळ्यात घट्ट जागा शोधा, चकतीचे बोल्ट किंचित सैल करून ती जागा हलकेच ठोका, परत आवळा. तारेसारखी ताणलेली चेन बेअरिंग खाते.

ब्रेकबद्दल: वेग कमी करताना वजन पुढच्या चाकावर जातं आणि मागचं हलकं होतं. त्यामुळे पायाने कितीही अडवलं तरी मागचं चाक घसरतं, सायकल लवकर थांबत नाही. पुढचा ब्रेक हवाच. पाय पेडलवर पक्के राहावेत म्हणून टो क्लिप (पेडलवरचे पायाचे पिंजरे) आणि पट्टेही लावा. कसाऱ्याचा घाट किंवा सप्तशृंगी गडाचा उतार या सायकलवर उतरू नका. ताशी ४५ ला या गिअरमध्ये पाय मिनिटाला १४० च्या वर फिरतात, आणि एकदा पाय सुटला की पेडल पुन्हा पकडता येत नाही. गडावर जायचंच असेल तर चाक उलटून फ्रीव्हीलची बाजू लावा आणि दोन्ही ब्रेक ठेवा.

सायकल वडिलांची आहे, म्हणून आणखी एक सांगतो. फ्रेमवर काहीही कापू नका. डिरेलरचा (गिअर बदलणाऱ्या भागाचा) कान, केबलचे लूप, पंपाची खुंटी घासून काढायचा सल्ला मिळेल, ऐकू नका. मूळ रंग आणि स्टिकर शाबूत असतील तर पावडर कोटिंगलाही देऊ नका, भट्टीत जाण्याआधीच ते खरवडले जातात. काढलेली प्रत्येक वस्तू पिशवीत घालून नाव लिहून ठेवा. फ्रेम सरळ आहे का हे बघायला एका ड्रॉपआउटला दोरा बांधा, हेड ट्यूबला वळसा घालून दुसऱ्याला आणा आणि सीट ट्यूबपासून दोन्हीकडचं अंतर मोजा. हँडलचा खांब अडकला असेल तर वरचा बोल्ट चार फेरे सोडून त्यावर लाकूड ठेवून हातोडा मारा, आतली पाचर सुटते.

काम वर्षानुवर्षं करणारेही एक चूक करतात: चाक फिरतं ठेवून चेन फडक्याने पुसणं. फ्रीव्हीलची चेन फडकं अडकलं की थांबते. फिक्सीत फिरणारं चाक फडक्यासकट बोट चकतीत ओढतं आणि बोट तुटतं. चेन नेहमी थांबवून, एक-एक वीत पुढे सरकवत पुसा. बुटाच्या नाड्या आत खोचा, पँटला उजवीकडे पट्टा लावा. ट्रॅक हबचे नट १५ मिमीचे असतात, तो पाना सीटखाली कायम बांधलेला असू द्या, नाहीतर सातपूरच्या वाटेवर पंक्चर झालं तर चाकही काढता येणार नाही.