गेटचं कार्ड फोनला का दिसत नाही?

प्रश्न : मेट्रोचं कार्ड फोनच्या पाठीला लावलं की फोन लगेच ओळखतो, पण सोसायटीच्या गेटचं कार्ड लावलं तर ढिम्म. कार्ड बिघडलंय का? शिवाय लोखंडी कपाटावर चिकटवलेला एनएफसी टॅगही (फोन जवळ नेला की वाचता येणारी चिपवाली चिकटपट्टी) चालत नाही.

उत्तर : गेट उघडतंय ना? मग कार्ड ठणठणीत आहे. फोनचं एनएफसी १३.५६ मेगाहर्ट्झवर चालतं. गेटची बरीच जुनी कार्डं १२५ किलोहर्ट्झची असतात, ती फोनला कळतच नाहीत. कार्डामागे मोबाइलचा टॉर्च धरून बघा. कडेने चौकोनी, मोजक्याच वेढ्यांची तार दिसली तर १३.५६, बारीक तारेचं गोल, दाट वेटोळं दिसलं तर १२५. जाड पांढऱ्या कार्डात मात्र उजेड आरपार जात नाही.

कार्डात बॅटरी नसते. रीडरच्या, म्हणजे कार्ड वाचणाऱ्या यंत्राच्या, चुंबकीय क्षेत्रामुळे तारेत वीज तयार होते, तिच्यावर चिप जागी होते आणि आपला नंबर कळवते. १२५ वाल्या साध्या कार्डांत तो नंबर उघडाच असतो, कार्डाची नक्कल करणाऱ्या स्वस्तातल्या यंत्राने त्याची नक्कल होते. कमिटीने हे मनावर घ्यायलाच हवं. नवी यंत्रणा घेताना मायफेअर क्लासिक हा १३.५६ चा जुना कार्डप्रकारही नको, त्याचं सांकेतिक कुलूप २००८ मध्येच फुटलं. डेसफायर हा जास्त सुरक्षित कार्डप्रकार मागा, आणि रीडर नुसता नंबर न वाचता कार्डातली गुप्त सांकेतिक किल्ली तपासतो ना, हे इन्स्टॉलरकडून लिहून घ्या.

कपाटाचं म्हणाल तर पत्रा फोनचं चुंबकीय क्षेत्र गिळतो. फेराइटचा (क्षेत्र पत्र्यापर्यंत जाऊ न देणाऱ्या चुंबकीय पदार्थाचा) थर असलेला ‘ऑन-मेटल’ टॅग घ्या. साधा टॅग पत्र्यावरून सोलून काढू नका, ॲन्टेना फाटते.