ताप आला तर तापच लिही

प्रिय मुली,

प्रभूमध्ये सलाम.

तुझं पत्र पोचलं. चार पानांच्या पत्रात स्वतःचा ताप एका ओळीत उरकलास, आणि ‘काकू, मंडळीत कुणाला सांगू नका’ हे मात्र दोनदा लिहिलंस. म्हणून आधी त्या एका ओळीलाच उत्तर देते. संडेस्कूलचं मागाहून.

तुमच्या गटातला तो भाऊ म्हणतो, मच्छरदाणी आणि गोळ्या म्हणजे विश्वासाची कमतरता. झांबियात लुसाकाहून मान्साला येताना त्याने गाडीचे ब्रेक तपासून घेतले होते का, एवढं त्याला विचार. पौलाने तीमथ्याला पोटाच्या तक्रारीसाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं आणि त्रफिमाला आजारी म्हणून मिलेतात मागे ठेवलं. ज्याच्या अंगावरचे रुमाल नेऊन लोक बरे होत, तोच हा पौल. त्रफिमाचा विश्वास कमी पडला, असं त्याने कुठेही लिहिलेलं नाही.

दुसरं, ‘इथल्या बहिणी दाणीशिवाय झोपतात, त्यांना काही होत नाही.’ होतं, मुली. लहानपणापासून पुन्हापुन्हा मलेरिया होऊन जी माणसं वाचली, त्यांच्या अंगात त्याच्याशी झुंजायची थोडी ताकद आलेली असते. त्यांची किती भावंडं पाच वर्षांची व्हायच्या आत गेली, ते त्याच बहिणींना विचार. तुझ्या अंगात ती ताकद नाही. नाशिकचे डास चावून घेतल्याने ती येत नाही. तिकडचा मलेरिया बहुतेक सगळा फाल्सिपेरमचा, म्हणजे सर्वांत घातक जातीचा, आणि उपचार लांबला तर तो एका दिवसात माणसाला अत्यवस्थ करू शकतो. ताप आला की त्याच दिवशी बोट टोचून तपासणी. निगेटिव्ह आली आणि ताप हटला नाही, तर पुन्हा तपासणी. प्रार्थना दवाखान्याच्या वाटेवर करता येते.

आणि तापात उपास धरलास, हे वाचून मी चष्मा काढून ठेवला. आर्टेमेथर-ल्युमेफँट्रिनच्या, म्हणजे तुझ्या मलेरियावरच्या, गोळ्या रिकाम्या पोटी अंगात नीट उतरत नाहीत. दुधाबरोबर किंवा थोड्या तेलातुपाच्या जेवणाबरोबर घ्यायच्या असतात. तीन दिवस, सहा वेळा, पूर्ण. दुसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून उरलेल्या शेजारणीला दिल्यास, त्यात तुझा उपचार अर्धा राहिला आणि तिचाही अर्धाच झाला. यापुढे उपास दुसऱ्या कुणी तुझ्यासाठी करावा. तू नशिमा, म्हणजे तिकडचा मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, खा, वर शेंगदाण्याचं कूट घालून.

आता झोपेचं. भयंकर स्वप्नं, छातीत धडधड, विनाकारण रडू, आणि सगळे म्हणतात, सैतानाचा हल्ला आहे. असेलही, मी नर्स आहे, त्यातलं मला कमी कळतं. पण मलेरिया होऊ नये म्हणून तू आठवड्याला एक गोळी घेतेस असं लिहिलंस, ती मेफ्लोक्विन आहे का? पाकीट बघ. मलावीत आमच्याबरोबर एक तरुण शिक्षक होता. त्याच्यासाठी आम्ही रात्र-रात्र प्रार्थना केली, घरातून दुष्टात्मा हाकलला, घरही बदललं. शेवटी एका डॉक्टरने गोळी बदलली आणि काही आठवड्यांत पोरगा हसायला लागला. या औषधाने काहींच्या मनावर असा परिणाम होतो. अमेरिकेच्या औषध-प्रशासनाने २०१३ मध्ये त्याच्या पाकिटावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. गोळी आपल्या मनाने बंद करू नकोस, कारण मग डास आहेतच. डॉक्टरला सगळं सांग, तो दुसरी देईल. डॉक्सिसायक्लिन दिली तर भरपूर पाण्याबरोबर घे आणि लगेच आडवी होऊ नकोस. दिवस राहिल्याची शंका असेल तर तेही आधीच सांग, ती गोळी तेव्हा चालत नाही.

तुला वाटतं, जुने मिशनरी असं काही बघत बसले नाहीत. बघत होते. आफ्रिका पालथी घालणारे मिशनरी लिव्हिंगस्टनसाहेब क्विनाइनची, म्हणजे मलेरियाच्या जुन्या औषधाची, पेटी बरोबर घेऊनच फिरत. १८६७ च्या जानेवारीत ती पेटी गेली, तेव्हा मृत्युदंड सुनावल्यासारखं वाटतं, असं त्यांनी रोजनिशीत लिहिलं. त्यांना ठाऊक होतं. तिकडेच गेलेले मिशनरी बिशप मॅकेंझी, त्यांची नाव उलटून औषधं बुडाली होती, आणि १८६२ च्या जानेवारीत ते तापाने गेले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये लिव्हिंगस्टनसाहेबांची पत्नी मेरी झांबेझीकाठी शुपांग्याला गेल्या, त्याही तापानेच.

तू सेरेंजेवरून मान्साच्या रस्त्याला लागलीस, तेव्हा चितांबो जवळच राहिलं. १८७३ मध्ये लिव्हिंगस्टनसाहेब तिथे वारले. त्यांचं काळीज झाडाखाली पुरताना प्रार्थना वाचली आणि झाडावर नाव कोरलं ते जेकब वेनराइटने. हा गुलामगिरीतून सुटलेला आफ्रिकी मुलगा आपल्या नाशिकच्या शरणपूरच्या मिशनशाळेत शिकलेला. शरणपूर रोडने रोज कॉलेजला गेलीस, पण हे तुला कुणी सांगितलं नसेल. लिव्हिंगस्टनसाहेबांचे सेवक चुमा आणि सुसी, जेकब आणि बाकीचे ते शव घेऊन समुद्राकडे निघाले. थोड्याच दिवसांत इतके जण आडवे पडले, की तांडा महिनाभराच्या सुमारास एका जागी थांबला. थांबले, बरे झाले, पुढे गेले. १८ एप्रिल १८७४ ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबे या चर्चमध्ये शवपेटीला हात लावणाऱ्यांत जेकब होता.

आपल्या मंडळीला मेलेला मिशनरी आवडतो. आपल्याकडे आलेले अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल १८२६ मध्ये त्र्यंबककडच्या दौऱ्यात पटकीने गेले, ते आपण अभिमानाने सांगतो. आजारी पडून परत आलेला मिशनरी मात्र अवघड जातो. वर्गणी दिलेली असते ना. तुझी भीती मला कळते. पण फिलिप्पैकरांस पत्राचा दुसरा अध्याय काढ. एपफ्रदीताला मंडळीने देणगी देऊन पौलाकडे धाडलं होतं. तो तिथे मरणाला टेकला, आणि घरच्यांना हे कळलं म्हणून त्याला चैन पडेना. अगदी तुझ्यासारखा. पौलाने त्याला थांबवून ठेवलं नाही. परत पाठवलं, आणि त्याला आनंदाने घ्या, अशा माणसांचा मान राखा, असं बरोबर लिहून दिलं.

पुढच्या प्रार्थनापत्रात ताप हा शब्द लिही. पाळकसाहेबांशी मी बोलते. ते रागावणार नाहीत, आणि रागावलेच तर माझ्यावर रागावू दे. डॉक्टर म्हणाले परत जा, तर परत ये. आणि इथे आल्यावर वर्षभरात कधीही ताप आला, तर आपल्या डॉक्टरला पहिलं वाक्य हेच सांग, की मी झांबियात होते. ते त्याच्या डोक्यात येणार नाही, तो डेंग्यू शोधत बसेल.

हिमोग्लोबिन किती आहे ते कळव. तोवर पोरांना फ्लॅनेलबोर्डवर योनाची गोष्ट दे, माशावर खूश होतात.

तुझी,
काकू