मोठ्या लष्करी सरावाचं नियोजन कोण करतं? कुणावर कोणती जबाबदारी असते?

तुम्ही विचारलंय की जहाजं, विमानं, हजारो माणसं उतरतात असा सराव आखतं कोण, कुणाच्या अंगावर काय जबाबदारी असते, आणि त्यात साध्या नागरिकाचा काही संबंध येतो का. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं कुठलाही निवृत्त अधिकारी देईल. तिसऱ्याला बहुतेक जण सरळ 'नाही' म्हणतील. ते उत्तर चूक आहे, आणि मी ते घरातच इतकी वर्षं ऐकतोय की आता एकदा लिहूनच टाकतो.

मी दापोली तालुक्यातल्या एका मच्छीमार सोसायटीचं काम बघतो. गावात सागर रक्षक दल, म्हणजे समुद्रावर नजर ठेवणारं गावकऱ्यांचं स्वयंसेवक दल, उभं राहिलं तेव्हापासून त्यातही आहे. सैन्यात कधी नव्हतो. पण ज्या पाण्यात हे सराव होतात त्याच पाण्यात आमच्या बोटी रोज धंद्याला जातात.

आधी तुमच्या प्रश्नाचं थोडक्यात. मोठ्या सरावात हुकूम देणारा एक असतो आणि सराव घडवून आणणारा दुसरा. यंदा काय तपासायचं, कोण कोण उतरणार, खर्च कुठून, हे वरचं मुख्यालय ठरवतं. मग सराव संचालक नेमतात आणि त्याच्या हाताखाली नियोजनाचा स्टाफ बसतो. कित्येक महिने आधीपासून बैठका सुरू होतात. पहिलीत उद्देश ठरतो, मधल्या बैठकीत प्रसंग आणि साधनं, शेवटच्या बैठकीत वेळापत्रक पक्कं होतं. प्रसंग लिहिणारी माणसं वेगळी. अमुक वाजता अमुक ठिकाणी अमुक बातमी सोडायची, अशी त्यांची लांबलचक यादी असते, आणि जे सराव खेळणार त्यांना ती दाखवत नाहीत. शत्रू व्हायचं काम लाल पक्षाचं, बचाव निळ्या पक्षाचा, मध्ये पंच. सुरक्षिततेचा अधिकारी कुणाच्याच बाजूचा नसतो. खरा अपघात झाला की सराव जागच्या जागी थांबवायची ताकद त्याच्या शब्दात असावी लागते. शेवटी आढावा. माझं स्पष्ट मत आहे की सगळ्या सरावाचं मोल या आढाव्यात आहे, आणि उरकला जातो तोही हाच.

दोन देशांचा सराव असला की प्रत्येक खुर्चीला जोडीदार येतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये आमच्याच किनाऱ्यासमोर अरबी समुद्रात भारत आणि ब्रिटनचा 'कोकण शक्ती' झाला. आधी मुंबईत बंदरातला टप्पा, मग समुद्रातला. समुद्रात जहाजांचे दोन गट पाडले, एकाचं नेतृत्व ब्रिटिश विमानवाहू क्वीन एलिझाबेथवरून आणि दुसऱ्याचं आयएनएस चेन्नईवरून. अशा वेळी कुणाच्या हुकुमाने कोण हलणार हे आधी कागदावर पक्कं झालेलं नसेल तर पहिल्याच रात्री गोंधळ.

किनारा सुरक्षेच्या सरावाची गोष्ट निराळी, कारण तिथे फक्त सैन्य नसतं. नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर सगळी घडी नव्याने बसवली. एकूण सागरी सुरक्षेची जबाबदारी नौदलावर, प्रादेशिक समुद्रात (किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंत) तटरक्षक दल, किनाऱ्यालगत सागरी पोलीस, आणि त्यांच्या जोडीला कस्टम, मत्स्यव्यवसाय विभाग, बंदरांची खाती. जानेवारी २०१९ मध्ये नौदलाने 'सी व्हिजिल' हा देशभरच्या किनाऱ्याचा सुरक्षा सराव सुरू केला, तेव्हा धरलेला किनारा ७,५१६ किलोमीटरचा. नोव्हेंबर २०२४ च्या चौथ्या सरावात ६ मंत्रालयं आणि २१ संस्था होत्या. त्याच्या आधी किनाऱ्यावरच्या व्यवस्थेची तपासणी चालली होती, सी व्हिजिलचं खरं काम मी त्यालाच म्हणेन. राज्याच्या पातळीवरचा 'सागर कवच' वेगळा, त्याची सूत्रं तटरक्षक दलाकडे असतात.

आता मूळ मुद्दा. इतक्या सगळ्यांत जो माणूस रात्री समुद्रात असतोच, त्याची जबाबदारी कोणत्या रकान्यात लिहिलेली असते?

एका सागर कवचची गोष्ट सांगतो. पावसाळा संपून धंदा लागला होता. पहाटे आमच्या दलातला एक पोरगा, जो एका बोटीवर खलाशी म्हणून जातो, समुद्रातल्या सुवर्णदुर्ग किल्ल्याच्या बाहेरच्या अंगाला उभी असलेली एक बोट बघून थांबला. बोट मासेमारीचीच होती, रंग बरोबर, नंबरही आपल्या राज्याचा. तरी त्याने तांडेलाला, म्हणजे बोटीच्या प्रमुखाला, हाक मारली. का, तर त्या बोटीने नांगर खडपावर, म्हणजे पाण्याखालच्या खडकावर, टाकला होता. आमच्याकडचा कुणी तांडेल तिथे नांगर टाकत नाही, एकदा कपारीत अडकला की दोर कापून तो तिथेच सोडावा लागतो. मग तो आणखी बघत बसला. जाळं डेकवर घडी घालून ठेवलेलं, त्याच्या बोयांवर (जाळं तरंगवणाऱ्या गोळ्यांवर) शेवाळाचा डागसुद्धा नाही. रात्रभर धंदा केलेल्या बोटीतून बर्फाचं पाणी बाहेर टाकतात, ते कुठे दिसेना. वर एकही पक्षी नाही. मासळी असलेल्या बोटीला पाखरं सोडत नाहीत.

तांडेलाने मला सांगितलं, मी ठरवून दिलेल्या नंबरावर फोन लावला. कुठलं ठाणं, कुठलं खातं ते इथे लिहीत नाही. पलीकडच्या माणसाने माझं नाव विचारलं, बोटीचा नंबर विचारला आणि म्हणाला, "सराव चालू आहे, बघतो." सराव चालू आहे म्हणून तर फोन केला होता! पुन्हा लावला, तेच उत्तर.

तोवर त्या बोटीने नांगर उचलला आणि खाडीच्या तोंडाकडे निघाली. ओहोटी लागलेली. खाडीच्या मुखाशी गाळ साचतो आणि बोटी जायचा मार्ग दर पावसाळ्यात सरकतो. गेल्या वर्षी जिथून गेलो तिथून यंदा जाता येईलच असं नसतं. आमची पोरं नव्या मार्गाला काठ्या रोवून ठेवतात. ही बोट काठ्या सोडून जुन्या मार्गाने सरळ आत शिरली आणि रुतली. बाहेरून लाटा येत होत्या, प्रत्येक लाटेला बोट आडवी होत होती. आमच्या दोन होड्या लागलीच गेल्या. एकीने दोर टाकून बोटीचं तोंड लाटेकडे धरून ठेवलं, दुसरीने माणसं काढली. जेट्टीवर आल्यावर त्यांनी ओळखपत्रं दाखवली. लाल पक्ष. चांगली, तरणीबांड, शिस्तीची पोरं होती, आभार मानून चहा घेतला. गाडी रस्त्याने आली ती चहा पिऊन झाल्यावर.

म्हणजे शत्रू कुणी ओळखला, अडवला कुणी, वाचवला कुणी? मला त्या पोराचा आजही अभिमान वाटतो.

पुढे आढावा झाला. जेट्टीवरच्या एकालाही बोलावणं नव्हतं. नंतर ओळखीच्या माणसाकडून कळलं की लाल पक्षाची बोट खाडीमुखाशी एका खात्याने अडवली अशी नोंद झाली. श्रेय गेलं याचं दुःख होतंच, ते नाकारत नाही. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की माझे दोन्ही फोन नोंदीत कुठेच आले नाहीत. किती वाजता बातमी आली, ती किती वेळ एका टेबलावर पडून राहिली, हेच तर तपासायला सराव करतात. सरावाला हवी होती ती माहिती आमच्याकडे होती, आणि ती विचारायचं काम कुणाच्याच नावावर नव्हतं. सरावाआधी सोसायटीला पत्र आलं होतं. त्यात 'सर्व संबंधितांनी सहकार्य करावे'. सर्व संबंधित म्हणजे कोण? ज्या पत्रावर नाव नसतं त्याची जबाबदारी कुणावरच नसते.

माझा चुलतभाऊ, आमचा दादा, नौदलातून निवृत्त झालेला आहे. गणपतीला गावी आला की हा विषय निघतोच. त्याचं म्हणणं ठाम: "अरे, नियोजन हे ज्याच्या हातात नकाशा आहे त्याचं काम. बंदरावर जितकं कमी सांगाल तितकं बरं. तुमचं काम एवढंच, मध्ये येऊ नका."

दादा वयाने मोठा, त्याच्या नोकरीचा मला आदर आहे. पण आम्ही मध्ये येत नाही, आम्ही मध्येच असतो. १९९३ साली मुंबईच्या बॉम्बस्फोटांसाठीची स्फोटकं शेखाडीला उतरली ती शेजारच्याच रायगडच्या किनाऱ्यावर. २००८ मध्ये कुबेर ही पोरबंदरची मासेमारीची बोट पळवून अतिरेकी मुंबईपर्यंत आले, आणि कुलाब्याला रबरी होडीतून उतरले तेव्हा त्यांना हटकणारे मच्छीमार वस्तीतलेच लोक होते. दोन्ही वेळा शत्रू मासेमारीच्या वाटेने आला. मग सराव आखताना त्या वाटेवरचा माणूस बाहेर कसा ठेवता?

म्हणून कुणी मला विचारलं की जबाबदाऱ्यांच्या कागदात काय बदलावं, तर माझं उत्तर तयार आहे. मधल्या नियोजन बैठकीत प्रत्येक मोठ्या बंदरातून एक माणूस बोलवा. त्याला गुपितं सांगू नका, त्याला फक्त विचारा. खाडीचा मार्ग यंदा कुठे आहे, कोणत्या तासाला बोटी परततात, डोलाची जाळी (प्रवाहात एका जागी रोवून ठेवायची) कुठे आहेत. तासाभराचं काम आहे. सरावाच्या दिवशी एक पंच जेट्टीवर बसवा, आणि गावातून गेलेल्या प्रत्येक फोनची वेळ त्याने आपल्या हाताने लिहावी. पत्र 'सर्व संबंधितांना' न पाठवता नावाने पाठवा आणि ज्याने पोचवलं त्याची सही घ्या. आढाव्याला त्या माणसाला बोलवा, पाठच्या बाकावर का होईना.

गोळीबाराच्या सरावाच्या सूचनांचंही तेच. समुद्रातल्या धोक्याचे इशारे आपल्या भागासाठी डेहराडूनच्या जलसर्वेक्षण कार्यालयातून निघतात, अक्षांश-रेखांशांत. जहाजाच्या कप्तानाला ते पुरतं. जीपीएसवाल्या मोठ्या बोटींनाही चालेल. पण लहान होडीवाला खुणा किल्ल्यावर आणि डोंगरावर धरतो आणि खोली वावांत (दोन्ही हात पसरल्यावर होणारं माप) मोजतो. त्याला 'सुवर्णदुर्गासमोर अमुक वाव पाण्यापलीकडे दोन दिवस जाऊ नका' असं सांगितलं की तो जाणार नाही. हे रूपांतर करून द्यायची जबाबदारी कुणाची, हे नियोजनातच लिहिलेलं असायला हवं. आज ते काम मत्स्यव्यवसाय विभागाचा परवाना अधिकारी मनाने करतो, किंवा सोसायटीचा माणूस करतो, किंवा कुणीच करत नाही.

एक-दोन गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. हे सगळं किनाऱ्यावरच्या सरावांबद्दल आहे. वाळवंटात रणगाडे घेऊन होतात त्या सरावांत गावकऱ्याचं काम खरंच लांब राहण्याचं असू शकेल, तिथे माझा शब्द धरू नका. गुप्तता लागते हेही मान्य. लाल पक्ष कधी आणि कुठे येणार हे आम्हाला आधी कळलं तर त्या पोराची परीक्षाच झाली नसती. आणि तटरक्षक दलाची माणसं गावोगाव येऊन मच्छीमारांशी बोलतात, १५५४ हा संकटातला नंबर पोरासोरांच्या तोंडी बसलाय, हे त्यांचं काम मी डोळ्यांनी बघितलंय. माझी तक्रार त्यांच्या मेहनतीबद्दल नाही, आखणीत सुटलेल्या एका जागेबद्दल आहे.

तुम्ही हे परीक्षेसाठी विचारत असाल तर वरचा पहिला भाग लिहा, मार्क मिळतील. संचालक, नियोजन स्टाफ, प्रसंग लिहिणारे, लाल-निळा पक्ष, पंच, सुरक्षा, आढावा. पण उद्या अशा सरावाच्या कामात खुर्चीवर बसलात तर पहिल्या बैठकीत विचारा की ज्या गावासमोर हे होणार आहे तिथल्या कुणाशी बोलणं झालंय का, आणि त्याचं नाव काय.

दादा हे वाचणार आहे हे मला माहीत आहे. त्याला एवढंच विचारतो: पावसाळ्यानंतर आपल्या खाडीचा मार्ग कुठे सरकला हे तुझ्या कुठल्या नकाशावर आहे ते येत्या गणपतीला घेऊन ये, आपण जेट्टीवर जाऊन काठ्यांशी ताडून बघू.