साठीनंतरही आशाबाई भोसले तरुण नायिकेसाठी कशा गायल्या? आपला गळा तसा टिकेल का?

त्या गायल्या त्यातला ‘माझा बाळ’ सिनेमा १९४३चा, ‘रंगीला’ १९९५चा. एवढी वर्षं टिकलेल्या गळ्याला लोक ‘दैवी देणगी’ म्हणून मोकळे होतात, तेव्हा डोकं फिरतं. देणगी होतीच, पण पट्टी, म्हणजे कुठल्या सुराला ‘सा’ धरून गायचं, ते कोणी बघत नाही.

‘उमराव जान’ ऐका. १९८१चा सिनेमा, बाई पन्नाशीकडे झुकलेल्या. संगीतकार खय्याम यांनी त्यांना नेहमीपेक्षा खाली गायला लावलं. बाई आधी राजी नव्हत्या. पण ‘दिल चीज़ क्या है’मध्ये आवाज छातीतून येतो, ‘जान’वर ठेहराव मिळतो, उर्दूचे शब्द चेपले जात नाहीत. त्यालाच राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. हेच वरच्या पट्टीत गा, आवाज पातळ होतो आणि मुजऱ्याचं भावगीत होतं.

पाळी गेल्यानंतरच्या वयात बाईचा आवाज साधारणपणे जाड होतो, तार सप्तक, म्हणजे वरचे सूर, आधी जातं. पेटीच्या काळी पाचला गाणारीने सरळ सफेद पाचला यावं, तीन पट्ट्या खाली. कराओकेचा ट्रॅक असेल तर पिच वजा तीन करा, लय तीच ठेवा. मंद्र पंचमाला, म्हणजे खालच्या सप्तकातल्या ‘प’ला, नुसती हवा येऊ लागली तर एक पट्टी वर चढा. हनुवटी छातीला टेकवून खर्ज (खालचे सूर) काढू नका, गळा तिथेच आवळतो. हळू ओळींना माईक तोंडापासून चार बोटं अंतरावर आणि किंचित तिरका धरा, नाहीतर ‘प’, ‘फ’ फुटतात. वरच्या जागेला तो लांब न्या.

‘मूळ पट्टीतच गा’ म्हणणारे आयोजक आणि परीक्षक मला अडाणी वाटतात. मूळ पट्टी त्या गळ्यासाठी, त्या दिवशी ठरलेली होती. ती तुमच्यावर लादून किंचाळणं ऐकायचं आणि वर ‘रेंज कमी आहे’ म्हणायचं!

अर्थात, प्रत्येक गाणं खाली आणून भागत नाही. ‘रंगीला’तलं ‘तन्हा तन्हा’ फार उतरवलंत तर त्यातला खट्याळपणाच जातो. त्याची वाक्यं तुटक आहेत, म्हणून दमसास कमी असला तरी निभतं. शब्दाची सुरुवात टोकदार ठेवा, शेवट ओढू नका. आणि घोगरेपणा तीन आठवड्यांहून जास्त राहिला तर रियाज थांबवून आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना स्वरतंतू दाखवा.