बाखचे ब्रँडेनबर्ग कॉन्चेर्तो आधुनिक वाद्यांवर वाजवणे चुकीचे आहे का?

जर्मन संगीतकार बाखने 1721 साली ब्रँडेनबर्गच्या मारग्राफला (तिथल्या सरदाराला) अर्पण केलेल्या या सहा कॉन्चेर्तो, म्हणजे वाद्यवृंदासाठीच्या रचना, आजच्या पोलादी तारांवर वाजवणे म्हणजे त्यांच्यावर अन्याय नव्हे का, असे आपण विचारले आहे. मी एका हौशी वाद्यवृंदात आधुनिक व्हियोला (व्हायोलिनपेक्षा थोडे मोठे, खालच्या स्वराचे वाद्य) वाजवतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्या रोजच्या रियाजातला आहे. माझ्या मते यात चूक काहीच नाही; मात्र वाद्य कोणते यापेक्षा गज कसा चालतो, हे अधिक महत्त्वाचे.

आजच्या गजाचा घाट अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसच्या फ्रांस्वा तूर्त यांच्या हातून पक्का झाला आणि त्याने सुरुवातीपासून टोकापर्यंत एकसारखा, भरदार स्वर काढता येतो. बाखच्या काळातला गज हलका असे व टोकाकडे जाताना त्याचा जोर आपोआप ओसरे, म्हणून प्रत्येक स्वर उमलून लगेच मावळे आणि पुढच्याला वाट करून देई. तिसऱ्या कॉन्चेर्तोच्या आरंभीचा, दोन ऱ्हस्व आणि एक दीर्घ अशा तीन स्वरांचा तुकडा आमच्याकडून आधी फार जड येत असे. आम्ही गज दोन बोटे वर धरला, दीर्घ स्वर किंचित लवकर सोडला, डाव्या हाताच्या बोटाने स्वराला दिले जाणारे कंपन फक्त लांब स्वरांपुरते ठेवले, आणि त्याच तारांवर नृत्याची चाल उमटली.

पट्टीचा, म्हणजे वाद्ये किती उंच स्वराला जुळवायची याचा (आज 440, जुन्या वाद्यांवर बहुधा 415 हर्ट्झ), प्रश्न मला दुय्यम वाटतो.

वाद्यवृंद-संचालक निकोलाउस हार्नोनकोर्ट यांनी 1953 मध्ये व्हिएन्नात जुन्या वाद्यांचा वृंद उभा केला, तरी पुढे अ‍ॅम्स्टरडॅमच्या कॉन्सर्टगेबाऊसारख्या आधुनिक वाद्यवृंदाकडूनही त्यांनी बरोक (बाखच्या काळातले) संगीत उत्तम वाजवून घेतले.

खरी अडचण वाद्यांच्या आवाजांतल्या तोलाची आहे. दुसऱ्या कॉन्चेर्तोत ट्रंपेट, ओबो हे सनईसारखे फुंकवाद्य, व्हायोलिन आणि रेकॉर्डर ही लाकडी बासरी बरोबरीने बोलतात. तिथे आजच्या लहान ट्रंपेटचा लखलखाट आवरला नाही, तर रेकॉर्डर बुडून जातो. सहाव्यात व्हायोलिन मुळीच नाहीत: एरवी मधल्या ओळीत राहणारे दोन व्हियोला पुढे येतात आणि व्हियोला दा गांबा ही पायांत धरून गजाने वाजवायची जुनी दरबारी वाद्ये मागे साधी साथ करतात. हीच साथ चेलोंना (व्हायोलिनच्या घराण्यातल्या मोठ्या, खर्जातल्या वाद्यांना) दिली की तिचा विरळ, किंचित नाकातला आवाज जातो आणि आम्हा व्हियोलावाल्यांना वर राहण्यासाठी उगाच जोर लावावा लागतो. बाकी सारी वाद्ये आधुनिक असली तरी या एका रचनेसाठी गांबा वाजवणारे दोघे आवर्जून बोलवावेत.