कोरियाला पहिल्यांदाच चाललोय, पण धावपळ नको!

प्रश्न: ताई नमस्कार, मी कोथरूडला राहते, वय 54. मी आणि माझी जाऊ, लॉकडाऊनपासून दोघीही कोरियन सिरीयल बघतोय आणि आता ऑक्टोबरमध्ये दोघींनीच जायचं असं पक्कं ठरवलंय. टूरवाल्याने 7 दिवसांत सोल, नामी बेट, बुसान, जेजू असा प्लॅन दिलाय, रोज सकाळी 7 ला बस. माझे गुडघे दुखतात, जाऊ पूर्ण शाकाहारी, अंडंही चालत नाही. आम्हाला जुनी घरं, देवळं, तिथलं जेवण हे सगळं निवांत बघायचंय, शॉपिंगचं एवढं काही नाही. कसं करावं?

उत्तर: ताई, तो प्लॅन अजिबात घेऊ नका. 7 दिवसांत 4 ठिकाणं म्हणजे निम्मा वेळ बॅगा भरण्यात आणि बसमध्येच जातो, आणि तुम्हाला जे बघायचंय ते तर सगळं पायी हळूहळू फिरूनच दिसतं. सोलमध्ये 5 रात्री राहा, ग्योंगजू या जुन्या राजधानीच्या शहरात 2, एवढंच. जेजू पुढच्या वेळी.

सोलमध्ये हॉटेल आंगुक स्टेशन किंवा इन्सादोंगच्या आसपास घ्या, भाडं थोडं जास्त पडेल पण तिथून दोन मोठे राजवाडे, जोग्येसा मंदिर, चहाची दुकानं सगळं जवळ आहे, दुपारी पाय दुखले की रूमवर येऊन पडता येतं. ग्योंगबोकगुंग राजवाडा 1395 चा, मंगळवारी बंद. छांगदोकगुंग सोमवारी बंद. हानबोक, म्हणजे तिथला पारंपरिक पोशाख, भाड्याने घेऊन घालून गेलात तर तिकीट लागत नाही आणि तुम्ही दोघी तो नक्की घाला, वयाचा विचार करू नका, तिथे आज्याही घालून फिरतात. छांगदोकगुंगच्या मागची बाग फार सुंदर आहे पण तिचं तिकीट वेगळं, गाईडबरोबरच जावं लागतं आणि चढउतार आहे, गुडघे बघून ठरवा. बुकछोनच्या जुन्या घरांची गल्ली पण चढाची आहे, शिवाय तिथे लोक खरंच राहतात म्हणून मुख्य भागात पर्यटकांना 10 ते 5 च सोडतात. त्यापेक्षा इक्सोन-दोंगला जा, तीही जुनी कौलारू घरंच, गल्ल्या सपाट आणि बसायला भरपूर कॅफे.

एक रात्र हानोकमध्ये, म्हणजे जुन्या पद्धतीच्या घरात राहायची इच्छा असेल तर बुक करताना पलंग आहे का विचारा, कारण बऱ्याच ठिकाणी खालून गरम होणाऱ्या जमिनीवर गादी घालून झोपायचं असतं, झोप छान लागते पण सकाळी उठताना तुमचे हाल होतील.

आता जेवण, खरा प्रश्न हाच आहे. किमचीत, म्हणजे तिथल्या आंबवलेल्या तिखट भाजीत, बहुतेक वेळा मासळीचा सॉस किंवा खारवलेली कोळंबी असते, भाजीचं म्हणून दिलेलं सूपही बऱ्याचदा सुक्या मासळीच्या पाण्यात केलेलं असतं, त्यामुळे वरून मांस दिसत नाही म्हणजे शाकाहारी असं समजू नका. सोलच्या ग्वांगजांग मार्केटमध्ये भिजवलेले मूग वाटून जे बिंदेत्तोक करतात ते बघून तुम्हाला आपलं धिरडंच आठवेल, पण त्यात किमची आणि कधी डुकराचं मांसही असतं, विचारल्याशिवाय जावेला देऊ नका. बिबिंबाप, म्हणजे वर भाज्या घातलेला भात, मांस आणि अंडं वगळून मागा. आणि एक जेवण तरी बौद्ध मठातल्या पद्धतीचं जेवा, त्यात मांस-मासे नाहीतच पण कांदा-लसूणही नाही. जोग्येसासमोरच असं एक रेस्टॉरंट आहे, आधी बुकिंग करून जा. ज्या देशात सगळ्यात लसूण असतो त्याच देशात हे इतकं साधं, निगुतीनं केलेलं जेवण मिळतं, आणि माझ्या मते तुमच्या जावेसाठी ट्रिपमधली सगळ्यात आनंदाची गोष्ट हीच ठरेल.

ग्योंगजूला सोलहून केटीएक्स या वेगवान ट्रेनने साधारण 2 तास लागतात. जुन्या काळच्या सिल्ला राज्याची ही राजधानी, शहराच्या मधोमध राजांच्या समाध्यांच्या हिरव्यागार टेकड्या आहेत आणि त्यांच्यामधून सपाट रस्ता, संध्याकाळी तिथे नुसतं चाला. बुल्गुक्सा मंदिर 8 व्या शतकातलं. मठात राहायची सोयही कोरियात खूप ठिकाणी आहे, 2002 च्या फुटबॉल वर्ल्डकपपासून ती सुरू झाली. त्यात 108 नमस्काराचा कार्यक्रम असतो, तो तुम्ही घेऊ नका, नुसत्या विश्रांतीचा वेगळा प्रकार असतो तो मागा.

आणि हो, ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा धरा, झाडांची पानं रंगायला लागतात. छुसॉक सण पौर्णिमेला येतो, कधी सप्टेंबरमध्ये कधी ऑक्टोबरमध्ये, तेव्हा ट्रेन फुल आणि बरीच दुकानं बंद, तेवढे दिवस टाळा. चाकण-रांजणगावच्या कंपन्यांमुळे पुण्यात कोरियन लोकांनी चालवलेली हॉटेलं आहेत, जायच्या आधी एकदा जेवून या, स्टीलच्या काड्यांनी खायची सवयही होईल.

प्रश्न: व्हिसा लागतो का? पैसे कसे न्यायचे? (वाचक, चिंचवड)

उत्तर: लागतो, आणि आधी काढावा लागतो. बँक स्टेटमेंट, आयटी रिटर्न, नोकरीचं पत्र तयार ठेवा, दीड-दोन महिने हातात असू द्या आणि व्हिसा येईपर्यंत रिफंड न मिळणारं तिकीट काढू नका. कार्ड जवळपास सगळीकडे चालतं पण थोडे वॉन रोख ठेवा, कारण मेट्रो-बसचं टी-मनी कार्ड बऱ्याच ठिकाणी रोखीनेच रिचार्ज होतं. टिप कुठेच द्यायची नाही. पैसे देता-घेताना दोन्ही हात वापरा, मोठ्यांना तसंच देतात तिकडे.

प्रश्न: आईबाबांना एकटं पाठवतोय, रस्ता चुकले तर? (वाचक, औंध)

उत्तर: दोघांच्याही फोनमध्ये नेव्हर मॅप (Naver Map) हे कोरियन नकाशाचं ॲप टाकून द्या, इंग्लिशमध्ये चालतं, पायी रस्ता दाखवण्यात गूगल मॅप तिकडे कायम मागे राहिलंय. हॉटेलचा पत्ता कोरियन लिपीत लिहून एक कागद बाबांच्या खिशात, एक आईच्या पर्समध्ये ठेवा, टॅक्सीवाल्याला तो दाखवला की झालं. मदतीसाठी 1330 नंबर आहे, पर्यटकांसाठीच, तिथे इंग्लिशमध्ये बोलता येतं. निघायच्या आधी तो दोघांच्या फोनमध्ये सेव्ह करून द्या.