फी कळली, तासांचं काय?

प्रश्न : वय 38, हिशेब विभागात नोकरी. डेटा विश्लेषणाचा वर्षभराचा ऑनलाइन कोर्स करावा म्हणते. फी माझ्या तीन पगारांइतकी आहे, हप्त्यांनी भरता येईल. ऑफिसही एक प्रमाणपत्र स्वखर्चाने घ्यायला सांगतंय, ते फक्त आमच्या ऑफिसमधल्या प्रणालीचं आहे. शिवाय जलरंग शिकायची जुनी हौस आहे, पण त्यातून कमाई शून्य. शिल्लक चार महिन्यांच्या खर्चापुरती. पैसे कशात घालू?

उत्तर : ऑफिसचं आधी निकाली काढू. त्यावर स्वतःचा पैसा खर्च करू नका. नोबेल मिळालेले अर्थतज्ज्ञ गॅरी बेकर यांनी 1964 मध्येच हा फरक मांडला होता. कुठल्याही नोकरीत चालणारं कौशल्य असेल तर खर्च शिकणाऱ्याने सोसावा, कारण ते घेऊन तो उद्या दुसरीकडे जाऊ शकतो. एकाच कंपनीपुरतं असेल तर भार कंपनीने उचलावा. साहेबांना नम्रपणे, पण लेखी विचारा. अभ्यासही ऑफिसच्या वेळेतच.

खरा पेच डेटाच्या कोर्सचा. तुम्ही फी सांगितलीत, वेळ नाही सांगितलात. आठवड्याला 10 तास धरले तर वर्षाचे जवळपास 500 तास, म्हणजे पूर्णवेळ नोकरीचे सुमारे तीन महिने. फीचे तीन पगार आणि वेळेचे तीन, असे एकूण सहा झाले. पुढे पगार 10 टक्क्यांनी वाढला असं समजू. तर हे सहा पगार वसूल व्हायला 60 महिने लागतील, हप्त्यांचं व्याज वेगळंच. वाढ 30 टक्के मिळाली तर 20 महिन्यांत काम होतं. तेव्हा कोर्स चांगला की वाईट हे नंतर बघू, आधी तुमच्या ओळखीत हे शिकून कोणाचा पगार वाढला आणि किती, ते शोधा. संस्थेच्या जाहिरातीतले हसरे चेहरे यात धरायचे नाहीत.

दुसरी गोष्ट, पैसे भरले की कोर्स पुरा होतोच असं नाही. हार्वर्ड आणि एमआयटीच्या ऑनलाइन कोर्सेसची आकडेवारी 2019 मध्ये प्रसिद्ध झाली. 2017-18 मध्ये नाव नोंदवलेल्यांपैकी जेमतेम 3 टक्क्यांनी कोर्स पूर्ण केला. प्रमाणपत्रासाठी पैसे मोजणाऱ्यांतही पूर्ण करणारे 46 टक्केच. (माझ्याही नावावर असा एक कोर्स पडून आहे, पासवर्डसुद्धा आठवत नाही.) आणि हप्ता मात्र कोर्स सुटला तरी सुटत नाही. चार महिन्यांच्या शिल्लकीवर तो अंगावर घेऊ नका.

त्याऐवजी आठ आठवडे फुकट मिळणाऱ्या धड्यांवर काढा. ऑफिसच्याच एखाद्या मासिक अहवालावर हात बसवा, परवानगी घेऊन. आठ आठवड्यांनीही रोज बसावंसं वाटलं तर शिल्लक सहा महिन्यांवर न्या आणि फी एकरकमी भरा. मधेच कंटाळा आला तर तीन पगार वाचले म्हणायचं.

जलरंगाला मात्र कमाईचा हिशेब लावू नका. तो खर्च करमणुकीच्या खात्यातला आहे. सहलीवर खर्च करताना परतावा विचारतो का आपण? फक्त वर्षाची फी एकदम भरू नका, क्लासवाले कितीही सवलत देवोत. अमेरिकेतल्या व्यायामशाळांच्या 2006 मधल्या एका अभ्यासात मासिक वर्गणीवाल्या सभासदांना एक खेप 17 डॉलरच्या वर पडत होती, आणि दर खेपेला 10 डॉलर पडणारा पास तिथेच मिळत होता. आपण किती वेळा जाऊ याचा अंदाज माणूस नेहमी उदारपणे करतो. तेव्हा महिन्याचे पैसे भरा, तीन महिने टिकलात तर पुढचं बघू. रंग सुरुवातीला चार-पाचच पुरेत, पण कागदात काटकसर नको. पातळ कागद ओला झाला की फुगतो, चित्र बिघडतं, आणि आपल्यालाच जमत नाही असं वाटून लोक क्लास सोडतात.